अप्पर-डिपर हाताने की आपोआप? ऑटो हाय बीमला काय दिसतं अन् काय दिसत नाही

मामांनी दिवाळीत नवीन गाडी घेतली. ते उमरेडला राहतात, दुकानाच्या कामाने आठवड्यातून दोनदा तरी नागपूरला येणं होतं अन् परतायला रात्रीचे नऊ-दहा वाजतातच. गाडी येऊन चार दिवस झाले असतील, रात्री फोन आला, "अरे, लाइट आपोआप वर-खाली होऊन राहिले, मी दिव्याच्या दांडीला हातसुद्धा लावला नाही, वायरिंगमध्ये काही गडबड आहे का रे?" वायरिंग एकदम ठीक होतं. गाडीत ऑटो हाय बीम होता आणि डिलिव्हरी देताना ते कोणी त्यांना धड सांगितलंच नव्हतं. मग एका रविवारी आम्ही दोघं त्यांची गाडी घेऊन रात्री दिघोरीपासून उमरेडपर्यंत गेलो, रस्त्यात थांबत थांबत. जे त्यांना सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण हे फीचर आता मध्यम किमतीच्या गाड्यांतही यायला लागलंय आणि घरोघरी हाच प्रश्न येणार आहे.

आधी एक घोळ काढून टाकू. "ऑटो लाइट" या एका नावाखाली लोक तीन वेगळ्या गोष्टी धरतात. पहिली म्हणजे टू-व्हीलरचा दिवा, जो १ एप्रिल २०१७ पासूनच्या नवीन गाड्यांना दिवसापण चालूच राहतो, बंद करायचं बटणच नसतं. दुसरी म्हणजे कारमधला सेन्सर, अंधार पडला की हेडलाइट स्वतः चालू करतो, पण तो डिमच चालू करतो. तिसरी गोष्ट आपली आजची, ऑटो हाय बीम, म्हणजे दिवा आधीच चालू आहे आणि अप्पर (लांबचा झोत) द्यायचा की डिपर (खाली वळलेला झोत, यालाच डिम म्हणतात) हे गाडी ठरवते. मामांचं म्हणणं होतं की दांडीवर ऑटो लिहिलंय म्हणजे सगळंच ऑटो, तसं नाहीये, बऱ्याच गाड्यांत स्विच ऑटोवर ठेवून दांडी पुन्हा वेगळी ढकलावी लागते तेव्हाच हे सुरू होतं. मीटरमध्ये पाहायचं, दिव्याच्या चित्रात इंग्रजी ए अक्षर दिसलं की ऑटो हाय बीम तयारीत आहे, आणि निळा दिवा लागला की आत्ता या क्षणी अप्पर चालू आहे. हा निळा दिवा रात्री डोळ्याच्या कोपऱ्यात ठेवायची सवय लावा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

आता अप्पर आणि डिपरमध्ये नेमका फरक काय. बरेच जण समजतात डिपर म्हणजे कमी पॉवरचा उजेड. जुना साधा हॅलोजन बल्ब घ्या, ज्याला मेकॅनिक एच-फोर म्हणतात, त्यावर ६०/५५ वॅट लिहिलेलं असतं, म्हणजे अप्परला साठ अन् डिपरला पंचावन्न, पॉवरचा फरक जवळजवळ काहीच नाही. खरी गंमत आत आहे. बल्बमध्ये दोन तारा असतात, एक रिफ्लेक्टरच्या बरोबर केंद्रावर, तिचा उजेड सरळ लांब जातो, तो अप्पर. दुसरी तार जरा पुढे बसवलेली आणि तिच्याखाली पत्र्याची छोटी वाटी, त्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्याकडे वळतो. प्रोजेक्टरवाल्या, म्हणजे दिव्यापुढे गोल भिंग असलेल्या गाड्यांत तेच काम एक छोटा पडदा करतो, एलईडीमध्ये वेगळे दिवे असतात. गाडी भिंतीसमोर उभी करून डिपर लावा, उजेडाची वरची कडा पट्टीने आखल्यासारखी दिसते अन् डाव्या बाजूला जराशी वर चढलेली असते. कारण आपण डावीकडून चालतो, डावीकडचा पायी माणूस, सायकल, पाटी दिसायला पाहिजे आणि उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यात काही जायला नको. मामांनी इतकी वर्षं गाडी चालवली पण ही कडा कधी पाहिली नव्हती, पाचगावच्या पुढे एका गोडाऊनच्या भिंतीवर दाखवली तर पाच मिनिटं वर-खाली करून पाहत राहिले.

आता जरा हिशेब करू, तो महत्त्वाचा आहे. डिपरमध्ये रस्ता साधारण ४० ते ६० मीटरपर्यंत नीट दिसतो, अप्परमध्ये १०० ते १५० मीटर, चांगल्या दिव्याला त्याहून जास्त. ८० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. समोर काही दिसलं, डोक्यात शिरलं, पाय ब्रेकवर गेला, यातच दीड सेकंद जातो म्हणजे ३३ मीटर गेले, मग कोरड्या चांगल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारून थांबायला अजून ३५-३६ मीटर. झाले जवळपास ७० मीटर, अन् डिपरने दिसत होतं जास्तीत जास्त साठ. म्हणजे अंधाऱ्या रस्त्यावर नुसत्या डिपरवर ८० ने चालणारा माणूस दिसतं त्यापेक्षा जास्त वेगाने चालतोय, समोर काही उभं असेल तर तो थांबूच शकत नाही, कितीही चांगला ड्रायव्हर असो. शंभरला हाच हिशेब ९५-१०० मीटरवर जातो. साठला ४५ च्या आसपास येतो आणि जमतं. म्हणून "मी तर कधी अप्पर लावतच नाही, चांगल्या माणसाने लावू नये" असं जे अभिमानाने सांगतात ना, त्यांचं मला पटत नाही. रिकाम्या अंधाऱ्या हायवेवर अप्पर लावायलाच पाहिजे, तो त्यासाठीच दिला आहे. चूक आहे ती समोर माणूस आल्यावर तो तसाच ठेवण्यात.

तो तसाच ठेवला तर समोरच्याचं काय होतं? आपल्याला वाटतं त्याला थोडा त्रास झाला असेल, डोळे मिटले असतील एवढंच. प्रत्यक्षात दोन गोष्टी होतात. एक, तेज उजेड डोळ्यात शिरला की डोळ्याच्या आतच पसरतो आणि सगळ्या चित्रावर पांढरा पडदा चढवतो, म्हणजे तुमच्या दिव्याच्या बाजूने चाललेला सायकलवाला त्याच्यासाठी पुसलाच जातो. दुसरी, अंधारात पाहायला डोळ्यात जे रसायन लागतं, रोडॉप्सिन, ते तेज उजेडाने खर्च होऊन जातं आणि परत तयार व्हायला वेळ लागतो, पूर्ण अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात. गाडी निघून गेल्यावर काही सेकंद पुढचं काळं दिसतं ते यामुळे. तीन सेकंद धरा, ८० च्या स्पीडला ६६ मीटर, तेवढं अंतर तो माणूस अंदाजाने चालवतो. वय वाढलं, मोतीबिंदू धरायला लागला की भिंगच गढूळ होतं अन् उजेड आत अजून जास्त पसरतो. मामा एकसष्ट वर्षांचे आहेत, रात्री समोरून टिपर, म्हणजे मालाचा डंपर, आला की ते सरळ गाडी डावीकडे घेऊन थांबवतात, आणि त्यात कमीपणा काही नाही, उलट फार शहाणपणाची गोष्ट आहे.

म्हणून ऑटो हाय बीमची कल्पना मला मनापासून आवडते. माणूस थकतो, विसरतो, फोनवर असतो, आणि बऱ्याच जणांना अप्पर चालू आहे हेच माहीत नसतं. कल्पना तशी फार जुनी आहे, १९५२ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने ऑट्रॉनिक आय नावाचं यंत्र गाड्यांत दिलं होतं, डॅशबोर्डवर एक नळीसारखा डोळा बसवलेला, समोरून उजेड आला की दिवा डिम करायचा, पण त्याला कुठलाही उजेड सारखाच. आत्ताच्या गाडीत काचेच्या वर, आतल्या आरशाच्या मागे एक कॅमेरा असतो. तो समोरचं चित्र घेतो आणि त्यात दिव्यांचे ठिपके शोधतो, पांढरे ठिपके दोन-दोन, आपल्याकडे सरकणारे म्हणजे समोरून गाडी, लाल ठिपके म्हणजे पुढे चाललेली गाडी, वरून ओळीने जाणारे म्हणजे रस्त्यावरचे खांब. गाडी सापडली की डिपर, खांबांचा भरपूर उजेड सापडला की डिपर, काहीच नाही सापडलं अन् स्पीड ठराविक आकड्याच्या वर असला की अप्पर. तो आकडा प्रत्येक कंपनीचा वेगळा आहे, गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. बास, एवढंच आहे.

या "एवढंच" मध्येच सगळं आलं. मी मामांना एकच वाक्य पाठ करायला लावलं, की मामा, हा कॅमेरा दिवे पाहतो. ज्याच्याकडे दिवा आहे त्याची काळजी तो घेईल, ज्याच्याकडे दिवा नाही तो माणूस त्याच्यासाठी रस्त्यावर नाहीच.

आता आपल्या भागात दिवा नसलेलं रस्त्यावर काय काय असतं ते आठवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतातून पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) भरून निघालेली बंडी म्हणजे बैलगाडी, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, पऱ्हाटीचा रंगच असा की उजेड गिळून टाकतो. कापसाची ट्रॉली, टेललाइटचं वायर तुटलेलं किंवा मालाखाली दबलेलं. पावसाळ्यात कोरड्या डांबरावर बसलेली गुरं. नवरात्रात कोराडीच्या देवीला रात्रभर पायी जाणारी माणसं, बाया-पोट्टे सगळे. सायकलवर ड्युटीहून परतणारा माणूस. यांच्यापैकी कोणी समोरून आलं तर साधा ऑटो हाय बीम बहुतेक वेळा अप्परच ठेवणार, सायकलवाल्याच्या तोंडावर पूर्ण झोत, तो बिचारा एका हाताने डोळे झाकतो अन् रस्त्याच्या खाली उतरतो. आपल्याला तो दिसतोय, आपल्या कॅमेऱ्याला नाही. तिथे हाताने डिम करायचं, कॅमेऱ्याची वाट पाहायची नाही. पायी माणसालाही डोळे असतात, डिपर फक्त गाडीवाल्यांसाठी असतो असं कुठे लिहिलंय?

माझा स्वतःचा प्रसंग सांगतो. मागच्या वर्षी काटोलकडून येत होतो, रात्रीचे साडेआठ, गाडी माझीच, त्यात ऑटो हाय बीम आहे. समोरून ट्रक आला, कॅमेऱ्याने बरोबर डिपर दिला, अगदी वेळेवर, मी निश्चिंत. पण डिपर झाला म्हणजे मला दिसणारं अंतर अर्ध्यावर आलं आणि स्पीड मात्र होता तोच, ७५ च्या आसपास. वरून ट्रकच्या दिव्यांनी डोळ्यापुढे पांढरं झालेलं. त्या पांढऱ्यातून एकदम बंडीची दोन चाकं निघाली, वर पऱ्हाट्यांचा ढीग. ब्रेक पूर्ण दाबला, गाडी डाव्या कच्च्यावर गेली, बंडीच्या बाजूने हातभर अंतरावरून निघाली. बंडीवाला उतरून आला, म्हातारा माणूस, त्यानेच मला पाणी दिलं. ऑटोने तिथे काही चूक केली नव्हती, त्याचं काम त्याने केलं होतं. हाताने दिवा बदलत असतो ना, तर बोटाबरोबर पायही आपोआप ॲक्सिलरेटरवरून उठतो, दिवा खाली म्हणजे स्पीड खाली, ही जुनी सवय आहे, वडिलांनी शिकवलेली. ऑटो आल्यावर माझं बोट रिकामं झालं अन् त्याच्यासोबत पायपण विसरला. तेव्हापासून निळा दिवा विझला की पाय उचलायचा, हा नियम मी धरून ठेवलाय आणि मामांनाही तोच शिकवला.

दुसरी अडचण डिव्हायडरची. चौपदरी रस्त्यावर मधे कण्हेर नाहीतर बोगनवेल लावलेली असते, ती समोरच्या गाडीचे दिवे झाकते. कॅमेऱ्याला दिवे दिसत नाहीत, तो खुशाल अप्पर ठेवतो. पण ट्रक किंवा ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हर उंच बसलेला असतो, त्याचे दिवे झाडाच्या खाली अन् डोळे झाडाच्या वर, तुमचा उजेड थेट त्याच्या डोळ्यात. हे अमरावती रोडला, वर्धा रोडला रोज होतं. समोरच्या ट्रकने दोन-तीनदा डिपर मारला, म्हणजे दिवे वर-खाली करून इशारा दिला, अन् तुम्हाला कळत नाही का मारतोय, तर बहुतेक हेच कारण असतं. वळणावर आणि उड्डाणपुलाच्या चढावर पण तसंच, पलीकडून येणाऱ्या दिव्यांचा उजेड आकाशात आधी दिसतो, झाडांवर दिसतो, माणूस तेवढ्यावरून ओळखतो की कोणी येतंय आणि समोरासमोर यायच्या आधीच डिम करतो. कॅमेरा ठिपका दिसेपर्यंत थांबतो, मग ठरवतो, मग बदलतो, तोवर समोरच्याच्या डोळ्यात झोत बसलेला असतो. दोन्ही गाड्या ८० ने येत असतील तर अंतर सेकंदाला ४४ मीटरने कमी होतं, तेव्हा एक सेकंदाचा उशीरही लहान नसतो.

उलटही होतं. रस्त्याच्या कडेची चमकणारी पाटी आपलाच उजेड परत फेकते, कॅमेऱ्याला वाटतं कोणी आलं, उगाच डिम. धाब्याची लाइटिंग, पेट्रोल पंप, डिम. काचेवर किडे चिकटलेले, पावसाची धार, अन् कॅमेरा गोंधळला. डिसेंबर-जानेवारीत भंडारा रोडला पहाटे धानाच्या बांध्यांवर धुकं उतरतं, तिथे तर ऑटो बंदच करा, धुक्यात अप्पर लावला की पाण्याच्या बारीक थेंबांवरून उजेड आपल्याच डोळ्यात परत येतो, समोर पांढरी भिंत उभी राहते. धुक्यात डिपर, आणि असले तर फॉग लॅम्प.

पेंचकडे जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. मनसरच्या पुढे राष्ट्रीय महामार्ग ४४ जंगलातून जातो, तिथे प्राण्यांसाठी रस्त्याखालून वाटा ठेवल्या आहेत, आणि खवासाच्या पुढे मध्य प्रदेशात तर गाड्यांचा उजेड अन् आवाज जंगलात जाऊ नये म्हणून रस्त्याच्या कडेला आडोसे उभे केले आहेत. इतका विचार उजेडाचा केला आहे, मग आपणही करू. हरिण, नीलगाय अप्परच्या झोतात आली की बावरून जागीच उभी राहतात. लांब दोन चमकते ठिपके दिसले, तर ते प्राण्याचे डोळे असू शकतात, त्यांच्या डोळ्यात मागे आरशासारखा थर असतो. तेव्हा हाताने डिम करा, स्पीड पाडा, त्याला रस्ता ओलांडू द्या. अन् एक गेलं की मागून दुसरं येतं, लगेच गाडी दामटू नका. कऱ्हांडला अभयारण्य मामांच्या घराजवळच, त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

कायद्याचं थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ सांगतो की हेडलाइट असा हवा की त्याचा झोत खाली वळवता येईल, दिव्यापासून ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील त्याला तो दिपवणार नाही. दीड मीटर म्हणजे साधारण उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची. गाडीत ऑटो आहे म्हणून जबाबदारी ड्रायव्हरची सुटत नाही.

आणि ज्यांच्याकडे ऑटो नाही, म्हणजे आपल्यातले बहुतेक, त्यांनी काही कमी आहे असं समजू नये. हाताने चांगलं चालवणारा माणूस ऑटोपेक्षा आधी डिम करतो. समोरचे दोन दिवे वेगवेगळे दिसायला लागले की डिम, पुढच्या गाडीच्या मागे लागलात की डिम, कारण तुमचा उजेड त्याच्या तिन्ही आरशांतून त्याच्या डोळ्यात जातो. समोरच्याच्या बरोबरीला आलात की परत अप्पर, तो पूर्ण मागे जाईपर्यंत थांबायची गरज नाही. शहरात, दिव्यांच्या रस्त्यावर, अप्पर नाहीच. अन् समोरचा डिम करत नसेल तर एकदा डिपर मारून सांगा, नाही ऐकलं तर सोडून द्या, डाव्या बाजूच्या पांढऱ्या पट्टीकडे पाहा, स्पीड कमी करा. रागाने आपणही अप्पर लावला तर एका आंधळ्या ड्रायव्हरचे दोन होतात, अन् दोघं एकमेकांच्या दिशेने येऊन राहिलेत.

महागड्या गाड्यांत आता मॅट्रिक्स नावाचे दिवे येतात, २०१३ मध्ये ऑडीने ए-एटमध्ये आणले, त्यात पुष्कळ छोटे एलईडी असतात आणि कॅमेरा समोरच्या गाडीपुरता तुकडा विझवून बाकी अप्पर तसाच ठेवतो. फार सुंदर दिसतं ते. पण त्यालाही बंडी ओळखता येते की नाही ते गाडीगणिक वेगळं, तेव्हा पायाचा नियम तिथेही लागू.

एवढं करून शेवटी मामांच्या गाडीत एक गोष्ट सापडली जी ऑटोशी संबंधितच नव्हती. समोरचे लोक त्यांना सारखे डिपर मारतात अशी तक्रार होती, निळा दिवा बंद असतानासुद्धा. डिकी उघडली तर दुकानाचा माल ठासून भरलेला. मागे वजन पडलं की गाडीचं नाक वर उठतं अन् डिपरची ती पट्टीसारखी कडा वर चढून समोरच्याच्या डोळ्यात जाते. स्टिअरिंगच्या बाजूला खाली एक छोटी चक्री असते, शून्य ते तीन आकड्यांची, तिने झोत खाली येतो, शून्य म्हणजे गाडी रिकामी. मामांना वाटायचं ती मीटरच्या उजेडाची आहे. तीनवर केली, परत गोडाऊनच्या भिंतीसमोर आलो, कडा वीतभर खाली आली होती. आता माल भरला की ते आधी चक्री फिरवतात, अन् परवा सांगत होते की पाचगाव ते उमरेड एकानेही डिपर मारला नाही.